बॅलेचा पहिला क्लास: घालायचं काय?

आजचा प्रश्न कळंबच्या एका मैत्रिणीचा आहे. ती कॉलेजसाठी पुण्याला चाललीय आणि तिथं बॅले शिकायचाय. व्हॉइस मेसेजमध्ये ती म्हणते, "ते गुलाबी कपडे आणि सॅटिनचे बूट आणल्याशिवाय आत घेतात का? आणि एवढे घट्ट कपडे घरी कसे पटवू?"

आधी कपडे घट्ट का, ते सांगते. बॅलेमध्ये अगदी सुरुवातीला 'प्लिए' शिकवतात, म्हणजे पाठ ताठ ठेवून गुडघे वाकवणं. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेतच वाकला पाहिजे. तो आत वळत राहिला तर पुढे दुखापत होते. ढगळ प्लाझोत ते सरांना किंवा मॅडमना दिसणारच नाही. चुडीदारही नको, त्याच्या चुण्या घोटा झाकतात. अठराव्या शतकात पॅरिसच्या मारी कामार्गोनं पायांचं काम दिसावं म्हणून घागरा घोट्याच्या वर घेतला होता. कारण तेच!

मग घालायचं काय? साधी काळी लेगिंग आणि अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट, आत खोचलेला. मुलींनी आतून स्पोर्ट्स ब्रा घालावी. मुलांना टाइट्स किंवा सायकलिंग शॉर्ट्स चालतात, आतून सपोर्टर घालायचा. केस घट्ट अंबाड्यात बांधा. पैंजण, बांगड्या, लांब कानातले घरीच ठेवा.

पायात काय, ते क्लासला आधी फोन करून विचारा. काही ठिकाणी पहिल्या दिवशी अनवाणी चालतं. गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे नकोत, पाय सटकतो. पुढे बॅलेच्या मऊ चपट्या चपला घ्या, कापडी किंवा चामडी. त्या मोज्यासारख्या बसल्या पाहिजेत, वाढत्या मापाच्या नकोत. आणि टोकावर उभं राहायचे ते सॅटिनचे पॉइंट शूज? ते आत्ता अजिबात नाही! आधी काही वर्षं घोटे आणि पाऊल तयार व्हावं लागतं. ते कधी घ्यायचे, हे शिक्षकच सांगतात.

आता घरचं. आपल्या धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. मैदानावर मुली टाइट्स घालून धावतात ते आपल्याकडं सगळ्यांनी बघितलंय. घरी एवढंच सांगा, हाही खेळाचाच ड्रेस आहे. येता-जाता वरून ट्रॅक पँट आणि लांब कुर्ता घाला, क्लासमध्ये काढून ठेवा. तरी अवघडल्यासारखं वाटलं तर कमरेला छोटा स्कर्ट चालेल का, हे फोनवरच विचारून घ्या.

आणि पैशाची काळजी असेल तर 2020 चा 'ये बॅले' सिनेमा बघा. मुंबईतल्या टॅक्सी ड्रायव्हरचा मुलगा मनीष चौहान त्यात आपलीच गोष्ट जगतो. बॅले शिकायला श्रीमंत घरातच जन्मावं लागतं असं नाही, हे त्यातून कळतं.

तर पहिल्या महिन्यात नवीन काहीच घेऊ नका. आवडलं, टिकलात, मग चपला घ्या. तुमच्या घरी काय म्हणाले ते व्हॉइस मेसेजवर कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!