खार्किवच्या मुलांचा फेड

ऑक्टोबर १९३२. खार्किवमधल्या एका मुलांच्या वसाहतीत तीन छोटे कॅमेरे जुळून तयार झाले. नमुना म्हणून जर्मनीचा लायका होता. तो पूर्ण सुटा करून त्याचा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक दातेरी चक्र मोजलं गेलं होतं. अभियंते देखरेखीला होते, पण लेथवर आणि जुळणीच्या टेबलांवर काम करणार होती वसाहतीतली मुलंमुली. त्यांतल्या कित्येकांचं लहानपण रेल्वे स्टेशनांवर आणि रस्त्यांवर गेलं होतं.

पहिलं महायुद्ध, त्यामागून यादवी आणि १९२१-२२ चा दुष्काळ यांनी सोव्हिएत प्रदेशात लाखो मुलं निराधार केली. अंतोन मकारेंको या शिक्षकाने १९२० साली पोल्टाव्हाजवळ अशा मुलांसाठी एक वसाहत चालवायला घेतली. डिसेंबर १९२७ अखेर खार्किवमध्ये दुसरी वसाहत उघडली. तिला फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्कीचं नाव दिलं गेलं. हा सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक आणि निराधार मुलांसाठी नेमलेल्या सरकारी आयोगाचा अध्यक्षही. वसाहतीचा सुरुवातीचा खर्चही गुप्त पोलिसांच्या पगारातून कापलेल्या पैशांवर चालला. मकारेंकोची पद्धत थोडक्यात सांगता येते: दिवसाचा काही भाग शाळा, काही भाग कारखाना, आणि मालाच्या दर्जात कसलीही सवलत नाही. मुलांनी आधी फर्निचर आणि कपडे केले, मग १९३२ मध्ये विजेवर चालणारे ड्रिल. तेही परदेशी नमुन्यावरून. पुढे कॅमेऱ्याला मिळालेलं ‘फेड’ हे नाव म्हणजे झेर्झिन्स्कीच्या नावाची आद्याक्षरं.

ड्रिलनंतर कॅमेरा ही उडी मोठी होती. मकारेंकोने आपल्या गाजलेल्या पुस्तकाच्या शेवटी तिचा हिशेब अभिमानाने मांडला आहे: सुमारे ३०० भाग, आणि अचूकता मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शापर्यंत. ज्यांच्या हाती समाज साधं कुलूपही सोपवायला तयार नव्हता, त्या मुलांवर त्याने हे काम सोपवलं. फेडला ‘लायकाची स्वस्त नक्कल’ म्हणून बाजूला सारणारे हा मुद्दा विसरतात.

दुसरी गोष्टही त्याच शहरातली, त्याच हिवाळ्यातली आहे. १९३२-३३ मध्ये सक्तीच्या धान्यवसुलीमुळे युक्रेनमध्ये लाखो माणसं उपासमारीने मेली. खार्किव तेव्हा सोव्हिएत युक्रेनची राजधानी होतं, आणि भुकेले शेतकरी त्याच्याच रस्त्यांवर येऊन पडत होते. फेडची कहाणी सांगताना वसाहतीची उजळ बाजू तेवढी सांगणं अपुरं आहे.

नक्कल नेमकी कशाची केली? ऑस्कर बार्नाकने आखलेला लायका १९२५ मध्ये बाजारात आला आणि सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म खिशात मावणाऱ्या यंत्रात बसली. त्याला एक उणीव होती. अंतर अंदाजाने ठरवावं लागे. १९३२ च्या लायका २ ने ती भरून काढली. कॅमेऱ्याच्या कपाळावर दोन छोट्या खिडक्या. दोन्हींतून येणारी प्रतिमा एकाच डोळ्याला एकावर एक दिसते. लेन्स फिरवत गेलं की एक प्रतिमा सरकत दुसरीला मिळते, आणि दोन्ही जुळल्या की फोकस झाला. हाच रेंजफाइंडर. खिडक्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितकं मोजमाप खात्रीचं. फेडमध्ये ते साधारण ३८ मिलिमीटर आहे, म्हणजे फार नाही, पण ५० मिलिमीटरच्या, एफ ३.५ च्या लेन्ससाठी पुरेसं.

नियमित उत्पादन १९३४ मध्ये सुरू झालं. शटरचा वेग १/२० ते १/५०० सेकंद. रोल घालायचा तळाची पट्टी काढून, आणि त्याआधी फिल्मचं टोक लांब आणि अरुंद कापून घ्यायचं, नाहीतर ती आत अडकते. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांची आणखी एक खोड होती. प्रत्येक लेन्स तिच्याच बॉडीला घासूनपुसून जुळवलेली असे. एका फेडची लेन्स दुसऱ्यावर चढे, पण फोकस खरा असेलच याची खात्री नसे. आज जुना फेड घेणाऱ्याने आधी विचारायचा प्रश्न हाच: लेन्स मूळची आहे का?

फेड जमवणारे लोक वरच्या पत्र्यावरचा मजकूर भिंगाखाली वाचतात, आणि ते योग्यच आहे. पहिल्या कॅमेऱ्यांवर फक्त श्रमवसाहत, झेर्झिन्स्की आणि खार्किव अशी नावं आहेत. पुढे त्यांत एनकेव्हीडीचं, म्हणजे नव्या रूपातल्या गुप्त पोलिसांचं नाव शिरलं: आधी युक्रेन शाखेचं, मग सगळ्या सोव्हिएत संघाचं. तोवर ‘श्रमवसाहत’ हा शब्द जाऊन तिथे ‘खार्किव कंबाइन’ आलं होतं. मकारेंकोने १९३५ मध्येच वसाहत सोडली होती. एका पत्र्यावरच्या चार ओळींत मुलांची संस्था पोलिसांचा कारखाना कशी झाली ते दिसतं. त्याच काळात १/१००० सेकंदाचा वेग आणि एफ २ ची लेन्स असलेला फेड-एस निघाला, पण थोड्याच संख्येने.

१९४१ मध्ये जर्मन सैन्य खार्किवपर्यंत आलं तेव्हा यंत्रं उचलून सायबेरियात नोवोसिबिर्स्कजवळच्या बेर्डस्कला नेली गेली. बेर्डस्कचं नाव कोरलेले मोजके फेड आहेत, आणि ते दुर्मिळ आहेत. युद्धकाळातली सोव्हिएत छायाचित्रं मात्र सगळी देशी कॅमेऱ्यांतून आली असं मानू नये. मे १९४५ मध्ये येवगेनी खाल्देईने राइशस्टागवरच्या झेंड्याचं जे छायाचित्र घेतलं, ते लायकावर.

युद्धानंतर खार्किव पुन्हा उभं राहीपर्यंत मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यानेही फेड करायला घेतला. १९४८ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यांवर काही काळ ‘फेड’ आणि ‘झोर्की’ अशी दोन्ही नावं होती, मग नुसतं झोर्की उरलं. तिथून घराणं दोन शाखांत वाढलं. झोर्की-४ चे १७ लाखांहून जास्त नग निघाले. खार्किवचा जुना फेड १९५५ पर्यंत चालला, आणि त्याची एकूण संख्या सुमारे ७ लाख.

मग आला फेड-२, आणि इथे नक्कल हा शब्द गळून पडतो. पाठ पूर्ण निघते, त्यामुळे रोल घालणं सोपं झालं. चित्र ठरवायला आणि फोकस जुळवायला एकच खिडकी, आणि रेंजफाइंडरचा पाया ६७ मिलिमीटर. लायका २ मध्ये यांतलं काहीच नव्हतं. काही फेड-२ लाल, हिरव्या, निळ्या आवरणात मिळतात. वापरायला सगळ्या कुळातला हाच सर्वांत चांगला. फेड-३ ने एक सेकंदापर्यंतचे संथ वेग दिले, फेड-४ ने सेलेनियमचा प्रकाशमापक. इंडस्टार-६१ ही लँथेनम काचेची लेन्स या पुढच्या कॅमेऱ्यांवर आली, आणि तिची स्पष्टता आजही टिकून आहे. एक सूचना मात्र पाळावीच लागते: आधी फिल्म पुढे ओढायची, शटर भरायचं, आणि मगच वेग बदलायचा. उलट केलं तर वेगाचे आकडे चुकीचे वाचले जातात, आणि संथ वेगाच्या मॉडेलांत यंत्रणाही बिघडू शकते. १९७७ च्या फेड-५ वर ही मालिका संपली. कारखाना पुढे विमानांच्या सुट्या भागांकडे वळला.

सोव्हिएत काळ संपला आणि फेडच्या वाट्याला एक वेगळंच काम आलं. वरचा पत्रा घासून मूळ अक्षरं पुसायची, त्यावर ‘लायका’ कोरायचं, जोडीला गरुड, जर्मन हवाई दलाची खूण नाहीतर १९३६ चं बर्लिन ऑलिंपिक. कधी सोनेरी मुलामा आणि सापाच्या कातडीचं आवरणही. ओळखायची खूण आतच आहे. लेन्स काढल्यावर रेंजफाइंडरला ढकलणारा जो छोटा भाग दिसतो, तो अस्सल लायकात गोल चाकासारखा असतो, तर फेड आणि झोर्कीत निमुळत्या बोटासारखा. एवढं पाहिलं तर फसायला होत नाही. पण नुकसान फक्त घेणाऱ्याच्या पैशांचं नाही. घासलेला पत्रा १९३४-३५ चा असेल, तर त्यावरचं श्रमवसाहतीचं नाव गेलेलं असतं, आणि ते पुन्हा कोरून कोणीही परत आणू शकत नाही.