जड ओंडका तरंगतो, हलका खिळा बुडतो, असं का?

खर्डा (ता. जामखेड): उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्याकडची मुलं विहिरी आणि शेततळ्यांकडे वळतात. बुडण्याच्या बातम्याही याच दिवसांत येतात. म्हणून काय तरंगतं आणि काय बुडतं हा विज्ञानाचा धडा मुलांइतकाच अम्मी-अब्बूंनीही समजून घ्यायला हवा.

जड वस्तू बुडते आणि हलकी तरंगते, असं आपण सहज म्हणतो. पण वाळलेल्या लाकडाचा पन्नास किलोचा ओंडका तरंगतो आणि पाच ग्रॅमचा खिळा तळाला जातो. म्हणजे नुसतं वजन पाहून चालत नाही. तेवढ्या जागेत किती वस्तुमान भरलंय, ते पाहायचं. यालाच घनता म्हणतात. वस्तुमानाला आकारमानाने भागलं की घनता मिळते.

एक लिटर पाणी साधारण 1 किलो भरतं. एक लिटर गोडेतेल सुमारे 910 ग्रॅम भरतं, म्हणून ते पाण्यावर तरंगतं. (तेलाचा डबा घेताना 15 लिटर आहे की 15 किलो, हे जरूर वाचा. 15 लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या आसपासच असतं.) लोखंड पाण्याच्या जवळजवळ आठपट घन आहे, म्हणून खिळा बुडतो. जहाजही लोखंडाचंच, पण आतून पोकळ. लोखंड आणि आतली हवा मिळून त्याची सरासरी घनता पाण्यापेक्षा कमी होते.

घरी करून पाहा: ताजं अंडं साध्या पाण्यात बुडतं. त्याच पाण्यात चमच्या-चमच्याने मीठ विरघळवत जा, अंडं वर येईल. अंडं तेच, पाण्याची घनता वाढली.

या विषयावर मुस्लिम शास्त्रज्ञांनी मोठं काम केलंय. अल-बिरुनी यांनी भांड्यातून सांडलेलं पाणी मोजून धातू आणि रत्नांची तुलना केली. अल-खाझिनी यांनी 1121 मध्ये ‘मीझान अल-हिकमा’ या ग्रंथात पाण्यातल्या तराजूने सोन्यातली भेसळ ओळखण्याची रीत मांडली.

आता जिवाचा प्रश्न. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या अगदी जवळ असते. छातीत हवा भरलेली असेल तर शरीर जेमतेम तरंगतं. श्वास सोडला की बरेच जण खाली जाऊ लागतात. घाबरून हात वर केले, तर हातांना पाण्याचा आधार उरत नाही आणि त्यांच्या भाराने तोंड पाण्याखाली जातं. म्हणून मुलांना शिकवा: पाण्यात पडलात तर डोकं मागे टाका, पाठीवर या, हात पाण्यातच ठेवा, छाती भरून श्वास घ्या.

कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. आरडाओरडा करून माणसं बोलवा आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन दोरी बांधून फेका. पाच लिटरचा कॅन साधारण पाच किलोचा भार पेलतो. तोंड पाण्यावर ठेवायला सहसा एवढा आधार पुरतो.

शेततळ्याचा प्लास्टिक कागद निसरडा असतो. पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. ज्यांच्या शेतात तळं आहे त्यांनी काठाला गाठी मारलेला दोर आणि दोन बंद कॅन आजच बांधून ठेवावेत. खर्च फारसा नाही.