प्राध्यापक, प्रचार आणि इलेक्शन ड्युटी

निवडणूक लागली की कॉलेजच्या स्टाफरूममध्ये प्रश्न निघतोच : प्राध्यापकाला प्रचार करता येतो का? पगार सरकारी तिजोरीतून येत असला, तरी नेमणूक कोणाची आहे यावर उत्तर ठरतं.

शासकीय महाविद्यालयातला प्राध्यापक सरकारी कर्मचारी. त्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात. पक्षाचं सभासदत्व नाही, प्रचार नाही. गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणंही चालत नाही. उमेदवाराचा मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून तो बसला, तर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम १३४अ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

खासगी अनुदानित कॉलेजातल्या प्राध्यापकाला विद्यापीठाचे आणि संस्थेचे सेवानियम बांधतात. सक्रिय राजकारणाची वाट त्याला पुष्कळ मोकळी राहिली आहे. फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवलेले ग. प्र. प्रधान पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेत गेले. सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे मधु दंडवते १९७१ मध्ये राजापूरहून लोकसभेत पोहोचले. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात तर शिक्षक मतदारसंघांच्याच आहेत. शिक्षकाने राजकारणापासून लांब राहावं, असं राज्यघटनाच म्हणत नाही, आणि ते मला योग्य वाटतं.

ड्युटीची ऑर्डर हातात पडली की मात्र चित्र पालटतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्याच कलम १५९ प्रमाणे विद्यापीठांचे आणि अनुदानित संस्थांचे कर्मचारी निवडणुकीसाठी मागवता येतात. मतदान केंद्राचा केंद्राध्यक्ष झालेला प्राध्यापक निवडणूक आयोगाच्या नियंत्रणाखाली येतो. स्वतःचं मत देण्यापलीकडे उमेदवारासाठी काहीही केलं, तर कलम १२९ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद. उमेदवाराने जाणूनबुजून त्याची मदत घेतली, तर तो भ्रष्ट आचार ठरून निवडच रद्द होऊ शकते.

एवढी कडक तरतूद का, ते मतदान केंद्रावर कळतं. मतदान सुरू होण्याआधी केंद्राध्यक्ष प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं अभिरूप मतदान घेतो, निकाल ताडून पाहतो, यंत्र कोरं करून दाखवतो आणि सील करतो. सीलवर प्रतिनिधी सह्या करतात. आदल्या आठवड्यात हाच माणूस एका उमेदवाराच्या पदयात्रेत दिसला असेल, तर समोरच्या पक्षाचा प्रतिनिधी कोणत्या भरवशावर सही करणार?

वर्गात मात्र इतकी स्पष्ट रेघ नाही, आणि मला खरी काळजी तिथलीच वाटते. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण सरांच्या हातात असतात. सरांनी ‘रविवारी सभेला या’ म्हटलं, तर ते निमंत्रण आहे की हुकूम, हे मुलांना कळत नाही. नाही म्हणायची त्यांची हिंमतही होत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे तास, कॉलेजचं लेटरहेड, वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप यांचंही तसंच. प्रचारात उतरणाऱ्या प्राध्यापकाने रीतसर रजा घ्यावी, ग्रुपवर प्रचाराचं काही टाकू नये आणि तेवढ्या काळापुरतं अंतर्गत गुणांचं काम दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्यावं, तेही विभागप्रमुखाच्या लेखी आदेशाने.