थंड हवेतली ऊब: फुकट किती, विकत किती?

ओटाहुहुत जुलै उजाडला की घरोघरी एकच विषय: विजेचे बिल. मग कोणीतरी हमखास विचारते, "हवेत उष्णता असतेच ना? तिच्यावरच फुकट वीज का करू नये?"

प्रश्न रास्त आहे. ० अंश सेल्सिअस म्हणजे केल्विनच्या मापाने २७३. गारठलेल्या हवेतही उष्णता भरपूर. पण आपली कोयना आठवा. पाणी सह्याद्रीतून खाली पोफळीला उतरते म्हणून वीज होते. साचलेल्या तळ्यावर चाक फिरत नाही. उष्णतेलाही तसाच उतार लागतो: एक जागा गरम, दुसरी थंड. सादी कार्नोने हे १८२४ मध्येच मांडले. तरी १८८१ मध्ये जॉन गॅमजीने नुसत्या हवापाण्याच्या उष्णतेवर चालणारे अमोनियाचे इंजिन अमेरिकी नौदलाला सुचवले. अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो, हे खरे. पण वाफेचा पुन्हा द्रव करायला लागणारी थंड जागा आणायची कोठून? बेत फसला.

पाणी मात्र पंपाने वर चढवता येते, तशी उष्णताही. हीट पंप हेच करतो. १ युनिट वीज खाऊन तो बाहेरची ऊब आत ओढतो आणि साधारण ३ युनिट उष्णता देतो. साधा हीटर १ ला १ च देतो.

भाड्याने राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे: १ जुलै २०२५ पासून भाड्याच्या घरांना 'हेल्दी होम्स'चे नियम लागू आहेत. बैठकीची खोली १८ अंशांपर्यंत तापवू शकेल असे पक्के बसवलेले साधन घरमालकाने द्यायचे असते.

आणि कोणी फुकट विजेचे यंत्र विकायला आले, तर पैसे काढण्याआधी एवढेच विचारा: "उतार कोठे आहे?"