सेंटच्या दोन बाटल्या आणि मानेवरचे पुरळ

लग्नसराई जवळ आली की शिरूर कासारच्या बाजारपेठेत बांगड्या-टिकल्यांच्या दुकानांत सेंटच्या बाटल्यांचीही चौकशी सुरू होते. समजा, एका नवरीपुढे दोन बाटल्या आहेत. एक पीच-मोगऱ्याची, दुसरी संत्रे-गुलाबाची. किंमत सारखीच. आलटून पालटून चार-पाच वेळा हुंगल्यावर दोन्ही एकच वाटू लागतात. नाक बिघडलेले नसते. तोच वास पुन्हापुन्हा आला की वासाची जाणीव बोथट होते.

शिवाय पहिल्या काही मिनिटांचा वास फसवा असतो. संत्र्याच्या वासातले लिमोनीन झटकन उडून जाते, फुलांचा वास मागाहून वर येतो. म्हणून दोन रुमालांवर एकेक फवारा मारून अर्धा तास बाजार फिरून यावे, मग ठरवावे. (पीचच्या बाटलीत पीच बहुधा नसतेच. तो वास प्रयोगशाळेत तयार केलेल्या लॅक्टोनचा असतो.)

खरा प्रश्न कातडीचा आहे. लिमोनीन आणि फुलांच्या वासातले लिनॅलूल ताजे असताना फारसे त्रास देत नाहीत. हवा लागून त्यांचे ऑक्सिडीकरण झाले की मात्र त्यातून अ‍ॅलर्जी आणणारी द्रव्ये तयार होतात. म्हणजे उघडून वर्षभर खिडकीत उन्हात पडलेली बाटली नव्या बाटलीपेक्षा वाईट. अत्तर ‘नैसर्गिक’ म्हणून सुरक्षित, हाही गैरसमजच. गुलाबाच्या तेलातल्या जिरॅनिऑलचीही अ‍ॅलर्जी होते.

हे पुरळ लगेच उठत नाही. एक-दोन दिवसांनी मानेवर, कानामागे, काखेत खाज सुटते. तोवर सेंट विसरलेले असते. ‘उष्णता झाली’ म्हणून मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणली जाते. खाज दोन दिवस थांबते, सेंट चालूच राहते आणि पुन्हापुन्हा लावलेल्या ट्यूबने कातडी पातळ होते. अशी ट्यूब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लावूच नये.

लग्नाला महिना बाकी असेल तर घरीच तपासता येते. कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर, एकाच जागी थोडेसे सेंट लावावे. एका हाताला एक, दुसऱ्याला दुसरे. लाली किंवा खाज आली की ते बाद. आधी कधी सेंटने किंवा साबणाने जोराचे पुरळ उठले असेल, तर हा प्रयोग करू नये. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात. पट्ट्या दोन दिवस ठेवाव्या लागतात. जिल्ह्यातले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईला आहे.

उन्हाळ्यात आणखी एक काळजी. बर्गामोट किंवा लिंबाच्या सालीचे तेल असलेले सेंट मानेवर लावून बीडच्या उन्हात वरातीत उभे राहिले, तर तिथे भाजल्यासारखे होऊन महिनोन्‌महिने काळे डाग राहू शकतात. सेंट कपड्यावर मारणे बरे. साडीवर डाग पडतो का, ते आधी आतल्या काठावर पाहावे.

घरात कुणाला दमा असेल, तर बंद खोलीत नवरीला सजवताना यातली कोणतीच बाटली फवारू नये. ते काम अंगणात उरकावे.