पडद्यावरचा बाण कोणी काढायचा?

संगणकाच्या पडद्यावर फिरणारा तो लहानसा बाण आपण रोज पाहतो. पण तो हरवल्याखेरीज त्याची आठवण आपल्याला होत नाही. हा बाण काढतो कोण? प्रश्न क्षुल्लक वाटेल; परंतु नव्याने जुन्याला कसे सांभाळावे, हा मोठा प्रश्न त्यातच दडलेला आहे.

प्रथम व्यवस्था समजून घेऊ. लिनक्ससारख्या मुक्त प्रणालींची मूळ संहिता कोणालाही वाचता व सुधारता येते. तेथे प्रोग्रॅम आणि पडदा यांच्यामध्ये एक कारभारी बसलेला असतो. त्याला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ साली ‘एक्स’ नावाची अशी पद्धती सुरू झाली, आणि १९८७ साली निघालेल्या तिच्या अकराव्या आवृत्तीचे नियम पुढे टिकून राहिले. या पद्धतीत बाण कारभारीच काढी. छापखान्यात खिळे तयार असावेत, तशा बाण, हात, घड्याळ वगैरे आकृत्या एका खास टंकसंचात तयार असत. प्रोग्रॅमने त्यांतली एक निवडायची, किंवा आपली आकृती ठिपक्याठिपक्यांनी पाठवायची. रंग दोनच.

पुढे रंगीत, सावलीदार बाणांचे संच निघाले. मग अडचण आली ती जुन्या प्रोग्रॅमांची. त्यांना हे संच ठाऊकच नव्हते! त्यावर दोन उपाय योजले गेले. पहिला नावांचा. एकाच बाणाला जुन्या रीतीने ‘लेफ्ट पॉइंटर’ म्हणत, नव्या रीतीने ‘डिफॉल्ट’. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे नाव बदलत, तरी माहेरचे पत्र जुन्याच नावाने येई. ते पोचवायचे तर टपालवाल्याला दोन्ही नावे माहीत हवीत. तशी संचांत दोन्ही नावे ठेवली गेली. दुसरा उपाय अधिक चतुर आहे. जुन्या प्रोग्रॅमने पाठवलेल्या ठिपक्यांवरून गणिताने बत्तीस चिन्हांची एक खूण काढायची, आणि त्या खुणेच्या नावाचे चित्र संचात असेल तर तेच दाखवायचे. जुन्या प्रोग्रॅमचे एक अक्षरही न बदलता त्याला नवा बाण मिळतो!

२००८ साली ‘वेलँड’ या नव्या पद्धतीचे काम सुरू झाले, आणि जबाबदारी उलटली. आता प्रोग्रॅमनेच बाणाचे चित्र तयार करून द्यायचे, आणि त्यातला कोणता बिंदू टोक मानायचा तेही सांगायचे. या बिंदूचे महत्त्व मोठे आहे. चित्र दुप्पट केले आणि टोकाचे माप तेवढे वाढवले नाही, तर दिसतो एका ठिकाणी आणि दाबला जातो दुसऱ्याच ठिकाणी!

याचा परिणाम काय झाला? प्रत्येक प्रोग्रॅम आपापला संच आणि आपापले माप वापरू लागला. बाण एका चौकटीतून दुसरीत गेला की एकदम लहान किंवा मोठा होई. तरुण डोळ्यांना ही गंमत वाटेल. पण दृष्टी अधू म्हणून ज्याने मुद्दाम मोठा बाण ठरवून घेतला, त्याचा बाण ऐन कामात नाहीसा झाला, तर त्याचे कामच खुंटले.

म्हणून २०२३ साली वेलँडच्या नियमांत एक भर पडली. प्रोग्रॅमने आकृतीचे नुसते नाव सांगावे; चित्र, माप आणि टोक कारभाऱ्याने पाहावे. म्हणजे फिरून मूळ वाटेवर येणे झाले! मात्र स्वतःचे चित्र देण्याची मुभा काढून घेतली नाही, कारण खेळांना आणि चित्रकलेच्या साधनांना ती हवीच असते. ‘एक्स’च्या काळातील प्रोग्रॅमांसाठी ‘एक्सवेलँड’ नावाचा दुभाषाही ठेवला आहे.

मुक्त प्रणालींत साऱ्या जगाला हुकूम सोडणारा कोणी धनी नाही. तेथे नवा नियम करणाऱ्यानेच जुन्याचे ओझे थोडे उचलावे लागते. ते त्याने नीट उचलले, की आपल्याला काहीच कळत नाही. बाण आपला जागेवर असतो.