ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी

नाताळची सुट्टी जवळ आली की एजवेअर, बर्न्ट ओक, कॉलिंडेल परिसरातील आपल्या अनेक घरांत एकच विषय निघतो. मुलाला किंवा मुलीला संगणकासाठी नवे ग्राफिक्स कार्ड हवे असते. मैत्रिणीकडे जो गेम झळझळीत दिसतो तोच आपल्याकडे अडखळतो, हे दुःख त्या वयात लहान नसते. आईवडिलांना मात्र ती रक्कम महिन्याच्या खर्चात बसवायची असते. मागणी योग्य की अयोग्य, हा वाद आम्ही येथे घालणार नाही. चित्र कशामुळे बिघडते हे पैसे मोजण्यापूर्वी दोन्ही पिढ्यांनी मिळून तपासावे, एवढाच आमचा आग्रह आहे. ऐकीव गोष्ट प्रमाण मानू नये, स्वतः पारखावी, ही कालाम सुत्ताची शिकवण मुलांनी धम्मवर्गात ऐकलेली असते. दुकानातील जाहिरातीलाही ती लावून पाहायला हरकत नाही.

प्रथम हिशेब समजून घेऊ. गेममधील हालचाल म्हणजे एकामागून एक काढलेली स्थिर चित्रे. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्रासाठी संगणकाला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत पात्रे कोठे आहेत, कोण कोणाला धडकले हे प्रोसेसरने ठरवायचे आणि पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग ग्राफिक्स कार्डाने काढायचा. १०८०पी पडद्यावर असे २०,७३,६०० बिंदू असतात, तर ४के पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे नेमके चौपट. नवा मोठा पडदा आणल्यावर जुने कार्ड एकाएकी ‘म्हातारे’ होते, त्याचे कारण बहुधा हेच.

आता घरातील परीक्षा. गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन कमी करावे आणि सेकंदाला किती चित्रे निघतात ते पाहावे. संख्या लक्षणीय वाढली तर अडचण कार्डाची आहे. ती जवळपास तेथेच राहिली तर कार्ड बहुतेक मोकळेच बसलेले आहे आणि ओझे प्रोसेसरवर आहे. मग कितीही महागडे कार्ड आणले तरी फरक पडणार नाही. खेळ एरवी सुरळीत चालून मध्येच हिसके देत असेल, तर टेक्श्चरची पातळी एक पायरी खाली आणावी. कार्डाची स्वतःची मेमरी भरली की असे हिसके बसतात. सावल्या आणि प्रतिबिंबे ही सर्वांत खर्चिक. त्यांची सर्वोच्च पातळी आणि तिच्या खालची पातळी यांतला फरक खेळाच्या धावपळीत डोळ्यांना क्वचितच जाणवतो, वेळ मात्र पुष्कळ वाचतो.

लॅपटॉपविषयी थोडे सांगायला हवे. डेस्कटॉपमधील आणि लॅपटॉपमधील कार्डाचे नाव सारखे असले तरी काम सारखे होत नाही. लॅपटॉपमध्ये विजेचा पुरवठा मर्यादित असतो आणि यंत्र तापले की ते आपला वेग स्वतःच उतरवते. उशीवर किंवा रजईवर ठेवून खेळणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावे. स्वतंत्र कार्ड नसलेल्या संगणकात रॅमची एकच पट्टी असेल, तर जोडीची दुसरी पट्टी हा पुष्कळदा स्वस्त आणि गुणकारी उपाय ठरतो.

आणि तरीही दोष नेहमी यंत्राचा नसतो. २०१५ साली उत्तर लंडनमधील रॉकस्टेडी या स्टुडिओचा ‘बॅटमॅन : आर्कम नाइट’ हा गेम आला. त्याची संगणकावरील आवृत्ती दुसऱ्या कंपनीकडे सोपवली होती. बलदंड यंत्रांवरही ती अडखळू लागली. शिवाय सेकंदाला ३० चित्रांची मर्यादा तिच्यात मुळातच घातलेली होती. जून महिन्यात बाजारात आलेली ही आवृत्ती काही दिवसांतच विक्रीतून काढून घ्यावी लागली आणि ऑक्टोबरअखेरीस ती परत आली. त्या उन्हाळ्यात ज्यांनी केवळ या खेळासाठी नवे कार्ड घेतले असेल, त्यांना पैशाने काय मिळाले असेल?

याच देशात याच्या नेमके उलटेही घडले आहे. केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी १९८४ साली ‘एलिट’ हा गेम बीबीसी मायक्रो संगणकावर उभा केला, अवघ्या ३२ किलोबाइट मेमरीत. प्रत्येकी २५६ ग्रहमाला असलेल्या आठ आकाशगंगा त्यांनी साठवल्या नाहीत. थोड्या अंकांपासून गणिताने त्या हव्या तेव्हा निर्माण केल्या.

अशी काटकसर पुण्यातही झाली. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ २०२० साली प्रथम निन्टेन्डो स्विचवर आला, म्हणजे ज्याची एकूण मेमरी अवघी ४ गिगाबाइट आहे अशा हातातील यंत्रावर. कथा पुराणांतली आहे आणि तिच्या दैवतांशी आपले काही देणेघेणे नाही, हे खरे. पण कारागिरी पाहण्याजोगी आहे. कॅमेरा बहुतेक वेळ ठरावीक कोनातून, दुरून पाहतो. त्यामुळे खेळाडूला काय दिसणार हे निर्मात्यांना आधीच ठाऊक असते आणि न दिसणाऱ्या बाजूवर श्रम खर्च होत नाहीत. कथेचे प्रसंग छायाबाहुल्यांच्या आणि भित्तिचित्रांच्या शैलीत सांगितले आहेत. हजारो केसांचे चेहरे रंगवण्यापेक्षा हे यंत्राला कितीतरी हलके आणि दिसायला देखणे.

जुन्या कार्डालाही आज एक आधार आहे. चित्र लहान आकारात काढून ते मोठे व रेखीव करण्याची सोय अनेक गेममध्ये असते. एनव्हिडियाची डीएलएसएस त्याच कंपनीच्या आरटीएक्स कार्डांवर चालते. एएमडीने २०२१ साली आणलेली एफएसआर मात्र इतर कंपन्यांच्या आणि जुन्या कार्डांवरही चालली. सेटिंगच्या यादीत ही नावे शोधावीत, ‘क्वालिटी’ हा पर्याय निवडावा आणि रिझोल्यूशनची परीक्षा पुन्हा एकदा करून आकडे कागदावर मांडावेत. कार्डाची चर्चा त्यानंतर, तो कागद समोर ठेवून करावी.